सात की ग

मोघे सरांचं दार उघडेना.

दार म्हणजे खरं दार नव्हे. सकाळची पूजा आटोपली, नैवेद्य झाला, की मी कॉम्प्युटरसमोर बसायची आणि आमच्या सूचीतला एकेक पत्ता उघडून बघायची. मराठीसाठी कुणी शुद्धलेखन तपासणारं पॅकेज, म्हणजे छोटासा प्रोग्राम, लिहिलेलं, कुणी पंचांग काढणारं, कुणी शब्द अकारविल्हे लावणारं. लिहिणारे गावोगावचे, हौशी, फुकट वाटणारे. सूचीत फक्त पॅकेजचं नाव आणि ते कुठे मिळेल तो पत्ता. माल ज्याचा त्याच्या घरी, ज्याच्या त्याच्या सर्व्हरवर. पत्ता उघडला की मनात ‘आहे हो घरी’ असं म्हणायचं आणि पुढच्याकडे वळायचं. आमचे हे याला माझं आणखी एक व्रत म्हणत. चेष्टेनं म्हणत, पण ते खोटं नव्हतं. पॉलिटेक्निकमध्ये शिकवण्याची नोकरी मी पोटासाठी करत होते. ही सूची मात्र कुणी न सांगता राखत होते.

त्या दिवशी नवरात्र नुकतंच उठलं होतं; त्या नऊ दिवसांत सूचीकडे बघायला झालं नव्हतं. मोघे सरांचा पत्ता टाकला आणि पडदा पांढरा तो पांढराच. पुन्हा टाकला. मग सरांना फोन लावला. वाजून वाजून बंद झाला.

तेवढ्यात माझाच फोन वाजला. मुल्ला बाई होत्या. मिरजेच्या बाजूला अंध मुलींची शाळा आहे, तिथल्या मुख्याध्यापिका.

“ताई, तुमच्या सूचीला काय झालंय का? ब्रेलचं काही उतरतच नाही.”

“सूचीला काही नाही झालं, बाई. सरांचा सर्व्हर बंद दिसतोय.”

“आता बंद पडायची ही वेळ आहे का हो? छपाईचं जुनं मशीन त्याच्या कॉम्प्युटरसकट एकदाचं भंगारात घातलं, नवं आणलं, कागद आणला. पोरी विचारून विचारून डोकं खातायत. दहावीचं गणित बदललं जूनपासून. डोळस पोरांच्या हातात पुस्तक कधीच पडलं, माझ्या पोरी अजून ऐकून ऐकून गणितं करतायत. तुम्ही कधी बीजगणित ऐकून केलंय?”

“नाही केलं.”

“करून बघा एकदा. दिवाळीच्या सुटीआधी पुस्तक हातात नाही पडलं तर पूर्वपरीक्षेला काय घेऊन बसतील त्या? सरांना सांगा, मुल्ला बाई भांडायला येतेय.”

सर सापडले तर सांगेन, असं मी म्हणाले. ‘सापडले तर’ हे शब्द तोंडून का निघाले कुणास ठाऊक.

मोघे सरांशी भांडायला सगळ्यांनाच आवडायचं. सांगलीत विश्रामबागेत त्यांचं बैठं घर. वाईच्या वैदिकाचे चिरंजीव, सगळे मंत्र पाठ, आणि एकावरही विश्वास नाही. कॉलेजात गणित शिकवून निवृत्त झालेले. त्यांची पत्नी कुमुदताई जन्मापासून अंध. त्या त्याच मिरजेच्या शाळेत शिकवायच्या. मराठी मजकूर ब्रेलमध्ये बदलणारं पॅकेज सरांनी त्यांच्यासाठी लिहिलं, आणि त्यांनी बोटांनी वाचून वाचून त्यातल्या चुका काढल्या. कुमुदताई गेल्यावर सरांनी सर्व्हर त्यांच्या खोलीत नेऊन ठेवला. त्याची घरघर ऐकू येत असली की खोलीत कुणी आहे असं वाटतं, हे ते एकदा चुकून बोलून गेले होते आणि मग लगेच चहाला काय गूळ घातलाय का म्हणून विचारलं होतं.

त्याच घरात श्रावणात आमची बैठक झाली होती. बैठक म्हणजे मी, सर आणि शार्दूल इंगवले. शार्दूल पुण्याच्या एका कंपनीत कामाला होता, पण मन सगळं आमच्या सूचीत. येताना प्रत्येक वेळी नवीन बेत घेऊन यायचा.

“सर, सूची म्हणजे नुसत्या पाट्या,” तो म्हणाला. “बाण काढलेली पाटी. घरच पडलं तर पाटीचं काय करायचं? आपण भांडार करू. प्रत्येकाच्या पॅकेजची एक प्रत एकाच जागी ठेवू. मग तुमची वीज जावो नाहीतर सर्व्हर बसो, लोकांना मिळत राहील.”

“माझी वीज जात नाही. इन्व्हर्टर आहे.”

“पण उद्या तुम्ही…”

“मेलो तर? म्हण की! देवस्थळीबाई बसल्यात म्हणून जीभ नको चावूस. त्यांच्याकडे त्याचेही मंत्र असतील. आणि नसले तर मी सांगतो, मला येतात.”

मी हसले. शार्दूल हसला नाही.

“सर, लायसन्समध्ये तुम्ही स्वतः लिहिलंय. कुणीही घ्या, कुणीही बदला, कुणीही वाटा. मी आज रात्री भांडारात टाकलं तर कायद्यानं तुम्ही मला अडवू शकत नाही.”

“नाही अडवू शकत,” सर म्हणाले. “म्हणून तर तुला चहा देतोय.”

मग त्यांनी कप खाली ठेवला, आणि त्यांचा आवाज बदलला.

“शार्दूल, ब्रेलमध्ये आकडे वेगळे नसतात. माहीत आहे ना? अक्षरांचेच ठिपके. आधी आकड्याची खूण आली, तर पुढचा तो सात. खूण नाही आली, तर तोच ग. माझ्या जुन्या आवृत्तीत कंस आला की पुढची खूण गळायची. कुमुदच्या लक्षात आलं, मी दुरुस्त केलं, दारातली प्रत बदलली. संपलं, असं मला वाटलं. वर्षानंतर एका शाळेनं चाचणीचा पेपर छापला. कुठून? कुणीतरी डिस्कवर जपून ठेवलेल्या जुन्या प्रतीतून. हिची एक विद्यार्थिनी त्या पेपरला बसली होती. तिनं वाचलं, कंसात ग अधिक द. ती ग आणि द च्या किमती शोधत बसली. कुठे दिलेल्याच नव्हत्या. शेवटी कोरा कागद देऊन उठली. हिला म्हणाली, ‘बाई, डोळे खोटं दाखवतात म्हणता, आता बोटंपण?’ कुमुद त्या रात्री जेवली नाही.”

“भांडारात नवी प्रत वर ठेवू, सर. जुनी खाली राहील.”

“खाली ठेवशील. पण ठेवशील ना?”

“जुन्यावर अवलंबून असलेली दुसरी पॅकेजं असतात, सर. ती मोडतील. भांडारातून काही काढायचं नसतं.”

“बघ. माझ्या दारात शिळं मिळत नाही. एकच ताट, रोजचं ताजं.”

हे मला लगेच पटलं. शिळ्याचा नैवेद्य आपण दाखवत नाही. माझी मान हलली असावी, कारण सर म्हणाले, “बाईंना कळलं. इंजिनिअरला नाही कळलं.” पण खरं सांगायचं तर मला शार्दूलचंही पटत होतं. पटलेलं मी बोलत नाही, एवढंच.

शार्दूल गेल्यावर सरांनी मला एक पेनड्राइव्ह दिला. आमच्या शेजारच्या गोदाक्कांची दृष्टी गेली होती. शाळेत कुमुदताईंच्या आग्रहानं त्या म्हातारपणी ब्रेल शिकल्या होत्या, आणि त्यांना श्रावणातल्या कहाण्या स्वतः वाचायच्या होत्या. आमच्या घरी तेव्हा इंटरनेट रडतखडत चालायचं.

“तुमच्या गोदाक्कांना काय हवं ते यातून छापा,” सर म्हणाले. “आटपाट नगर होतं, तिथे एक राजा होता, काय ते. पण एक अट आहे. सूची तुम्ही राखता. तुमच्याकडेच माल आहे असं लोकांना कळलं, तर माझं दार कोण वाजवणार? हवं त्याला पत्ता द्या. प्रत द्यायची नाही.”

“नाही देणार.”

“मी सांगितल्याशिवाय नाही.”

“तुम्ही सांगितल्याशिवाय नाही. देवासमोर म्हणू का?”

“छे! त्याला कशाला मध्ये घालता? तुमच्या तोंडून आलं, पुरे.”

हसत बोलले ते. पण घरी येताना मला ते जड वाटत राहिलं. देवासमोर घेतलेलं व्रत मोडलं तर त्याला प्रायश्चित्त आहे. उपास करता येतो, जप करता येतो, आणि देव काही लहान मनाचा नाही. ‘तुमच्या तोंडून आलं, पुरे’ म्हणणाऱ्या माणसाचा शब्द मोडला, तर त्याला कुठलं प्रायश्चित्त?

मुल्ला बाईंचा फोन झाल्यावर मी सरांच्या मुलाचा नंबर शोधून काढला. फोन सुनेनं उचलला. केतकी तिचं नाव, पुण्याला असायची.

“काकू, आम्ही मिरजेतच आहोत. बाबांना झटका आला. उजवी बाजू गेली. बोलणं पूर्ण बंद.”

‘नारायण नारायण’ एवढंच तोंडून आलं. ती बिचारी रडून रडून कोरडी झाल्यासारखी बोलत होती. सर्व्हरचं विचारायची मला लाज वाटली, पण विचारलं.

“मेन स्विच आम्हीच बंद केला होता, घराला कुलूप लावताना. काल कुणाकुणाचे फोन आले म्हणून यांनी जाऊन चालू केला, तर ते मशीन पासवर्ड मागतंय. बाबांनाच माहीत. आणि बाबांना…” ती थांबली. “त्यांना स्वतःचं नाव सांगता येत नाहीये, काकू.”

मी कळवल्यावर दुसऱ्या दिवशी दुपारी शार्दूल आणि मुल्ला बाई दोघंही माझ्या घरी आले. शार्दूल पुण्याहून मोटरसायकलवर आलेला, अंगभर धूळ. मी नेमकी पान वाढून बसले होते. चातुर्मासात जेवताना मी मौन पाळते. घास उचलल्यापासून आचवेपर्यंत बोलायचं नाही. मी हातानं दोघांना बसा म्हणून खुणावलं.

“उर्मिलाताई, सगळीकडे विचारलं,” शार्दूल उभ्याउभ्याच म्हणाला. “लातूरच्या एका गृहस्थांकडे आहे, पण ती जुनी. तीच, ग वाली. नागपूरचीपण तीच. सरांचं सगळ्यांना एकच सांगणं, गरज लागली की दारात या, ताजं न्या. सगळ्यांनी ऐकलं! ताजी प्रत एकाकडेही नाही.”

मी वरणभात कालवत होते.

“म्हणजे मी गणिताचं पुस्तक ग अधिक द असं छापू?” मुल्ला बाई म्हणाल्या. “एका पोरीचं झालं तेवढं पुरे नाही का?”

“ताई,” शार्दूल खाली बसला. “गोदाक्कांच्या कहाण्या तुम्ही कशावर छापल्या?”

माझा हात थांबला. मुल्ला बाईंनी माझ्याकडे पाहिलं. बोलायचं नव्हतं म्हणून मला बरं वाटलं, आणि बरं वाटलं याचंच वाईट वाटलं.

“तुमच्याकडे आहे,” शार्दूल म्हणाला. “श्रावणातली. कंस दुरुस्त झालेली. आहे ना?”

मी मान डोलावली.

“या अल्ला!” मुल्ला बाईंनी दोन्ही हात गालांवर ठेवले. “मग द्या ना! इथे बसून काय जेवता?”

मी पानाकडे बघितलं. भात पुष्कळ होता. टाकायचा नसतो. मी एकेक घास सावकाश खाल्ला, आणि ती दोघं माझ्या तोंडाकडे बघत बसली. इतकं लांबलेलं जेवण माझ्या आयुष्यात दुसरं नसेल. ताक प्यायले, चूळ भरली, पान उचललं आणि मग सांगितलं.

“मी शब्द दिलाय. सरांनी सांगितल्याशिवाय प्रत कुणाला द्यायची नाही.”

“सर सांगू शकत नाहीत, ताई!”

“म्हणूनच म्हणतेय.”

“लायसन्समध्ये त्यांनी…”

“लायसन्स सगळ्या जगाला दिलंय, शार्दूल. शब्द मी एकटीनं दिलाय.”

मुल्ला बाई उठून माझ्याजवळ आल्या. त्यांचा आवाज खाली आला होता.

“ताई, मीपण रोजे धरते. नेम काय असतो मला कळतं. पण माझ्या पोरींनी कुणाला कसला शब्द दिला होता हो? तुमचा नेम त्यांनी का पाळायचा?”

मी पदराला हात पुसले आणि पिशवी उचलली.

“मी सरांना विचारून येते,” मी म्हणाले.

“बोलता न येणाऱ्या माणसाला?” शार्दूल म्हणाला.

“ऐकू तर येतं ना?”

दवाखान्याच्या त्या खोलीला खिडकी होती आणि खिडकीतून ऊन सरांच्या पायांवर पडलं होतं. तोंड एका बाजूला ओढलेलं. दाढी वाढलेली. उजवा हात चादरीवर तळवा वर करून पडला होता, कुणीतरी आणून ठेवल्यासारखा. केतकी मला बसवून औषधं आणायला खाली गेली.

“सर, मी देवस्थळी.”

त्यांनी ओळखलं. डावा डोळा नीट उघडला. घशातून आवाज आला, पण त्याला आकार नव्हता.

मी सगळं सांगितलं, हळूहळू. मशीन बंद पडलंय, पासवर्ड कुणाला ठाऊक नाही. मुल्ला बाईंच्या पोरींचं पुस्तक अडलंय. लोकांकडे आहे ती जुनी, ग वाली. चांगली प्रत माझ्याकडे एकटीकडे आहे.

“मी तुम्हाला शब्द दिला होता. तुम्ही सांगितल्याशिवाय देणार नाही. सर, सांगा. देऊ का? शार्दूल ती भांडारात ठेवणार. एकदा तिथे गेली की मग ती तिथेच. तुम्ही पुढे काही दुरुस्त केलंत तरी ही खाली राहणारच. तेही सांगते, लपवत नाही.”

ते माझ्याकडे बघत होते. मला वाटलं मान हलवतील. हो तरी, नाही तरी. मान हलली नाही. मी म्हणाले, “हो असेल तर डोळे मिटा.” त्यांनी डोळे मिटले, उघडले, पुन्हा मिटले. माणूस असाही मिटतो डोळे.

मग त्यांचा डावा हात हलला. खाटेशेजारी छोट्या कपाटावर पाण्याचा स्टीलचा पेला होता. तो त्यांनी धरला. तहान लागली असेल म्हणून मी पुढे झाले, तर त्यांनी घशातून आवाज काढून मला थांबवलं. थरथरत पेला छातीवरून पलीकडे नेला, आणि त्या पडलेल्या उजव्या तळव्यावर वाकडा केला.

पाणी तळव्यावर पडलं, आणि बोटांच्या टोकांवरून माझ्या बाजूला ओघळू लागलं. चादर भिजेल, एवढंच माझ्या डोक्यात आलं. घरात सांडलंवांडलं की हात आपोआप पुढे जातो, तसे माझे गेले. मी ओंजळ धरली. त्यांच्या उजव्या हाताच्या बोटांवरून गार पाणी माझ्या ओंजळीत पडलं.

आणि मग मला कळलं मी काय धरून बसले आहे.

दान देताना उजव्या हातावर पाणी घेतात आणि बोटांवरून घेणाऱ्याच्या हातात सोडतात. त्याशिवाय दिलेलं पुरं होत नाही. आणि ते सोडलं की मग देणाऱ्याचा त्यावर हक्क राहत नाही. वाईच्या वैदिकाच्या घरात वाढलेल्या माणसाला हे मी सांगायला नको. आयुष्यभर ज्यांनी माझ्या पूजेची, उपासांची, मौनाची चेष्टा केली, त्यांना मला काही सांगायचं होतं, आणि जीभ गेल्यावर ते त्यांनी माझ्या भाषेत सांगितलं. डोळे भरून आले. मी ती ओंजळ कुठे रिकामी करू मला समजेना. शेवटी डोळ्यांना लावली.

“देते, सर,” मी म्हणाले.

पेला त्यांच्या हातातून सुटला आणि फरशीवर घरंगळत गेला. आवाजानं केतकी धावत आली.

खाली येऊन मी शार्दूलला फोन केला.

“काय म्हणाले?”

“पाणी सोडलं त्यांनी.”

मग तो हलक्या आवाजात म्हणाला, “अरेरे. सगळ्यावरच? जगायची आशापण…”

“नाही रे. तसं नाही. दान देताना सोडतात ना, तसं.”

“म्हणजे हो म्हणाले?”

रस्त्यावरून एक रुग्णवाहिका गेली. ती जाईपर्यंत मी थांबले.

“हो,” मी म्हणाले.

मुल्ला बाईंच्या छापखान्यात मशीन खटखट करत दिवाळीच्या आधी पुस्तक काढू लागलं. त्यांनी मला फोनवर ऐकवलं. मागे मुलींचा कलकलाट होता. “ऐका, ताई, ऐका! कंसातला सात सातच वाचतायत. आता मला तुमच्याशी भांडायला कारण उरलं नाही, काय करू सांगा!” मी हसले. त्या रडत होत्या.

शार्दूलचं भांडार उभं राहिलं. सरांचं पॅकेज त्यात पहिलं ठेवलं गेलं. ते बघून एकेक जण आपापलं पॅकेज आणून ठेवू लागला, आणि बघता बघता सूचीची गरज उरली नाही.

सर मार्गशीर्षात गेले. शेवटपर्यंत एक शब्द बोलले नाहीत. मी अधूनमधून जायची. ते माझ्याकडे बघायचे. त्या नजरेत आपुलकी होती असं मला वाटायचं. मी पुस्तकाचं सांगितलं तेव्हा डोळ्यांतून पाणी आलं. त्या आजारात पाणी तसंही येतं, असं डॉक्टर म्हणाले होते.

दिवस झाल्यावर मी विश्रामबागेतल्या घरी भेटायला गेले. कुमुदताईंच्या खोलीत शांतता होती. केतकी दवाखान्यातून आणलेल्या वस्तू आवरत होती. पिशवीतून तो स्टीलचा पेला निघाला. कडेला पोचा आला होता.

“हा पेला ना, काकू,” ती म्हणाली, आणि किती दिवसांनी तिच्या तोंडावर हसू आलं. “यानं मला रडवलंय. फिजिओथेरपीवाल्या बाईंनी सांगितलं होतं, त्या हातावर जमेल तेव्हा गार पाणी सोडत जा, जाणीव परत येते. बाबांनी तेच धरलं. उठसूट पेला घ्यायचा आणि पाणी सोडायचं. दिवसाला किती चादरी बदलल्या असतील मी! ओरडायचे त्यांच्यावर, आणि आता…”

तिनं पेला पदरानं पुसला. पुसायला त्यावर काही नव्हतं.

“हे कधीपासून गं?” मी विचारलं.

“कधीपासून म्हणजे?”

“पाणी सोडायला त्या बाईंनी कधी सांगितलं? मी पहिल्यांदा आले होते, त्याच्या आधी की नंतर?”

तिनं आठवून बघितलं. मनापासून आठवलं, मला दिसत होतं.

“नाही हो सांगता येत, काकू. त्याच आठवड्यात कधीतरी. का?”

“काही नाही. सहज.”

चहा घेऊन मी निघाले. फिजिओथेरपीच्या त्या बाईंना शोधून विचारता आलं असतं. मिरज काही मोठी नाही. मी विचारलं नाही.

याला आता बरीच वर्षं झाली. मुल्ला बाईंच्या त्या मुलींपैकी एक बँकेत आहे, एक शाळेत गणितच शिकवते. भांडारातून सरांचं पॅकेज कितीतरी ठिकाणी उतरवलं जातं. कुणी कुणी ते पुढे नेलं, सुधारलं. अगदी तळाशी, सगळ्या आवृत्त्यांच्या खाली, ती ग वालीसुद्धा आहे. लातूरच्या त्या गृहस्थांनी इतिहास पुरा असावा म्हणून आणून दिली. भांडारातून काही काढायचं नसतं. शार्दूलनं तिच्यावर ‘वापरू नये’ असं लाल अक्षरात लिहून ठेवलंय. डोळसांना ते दिसतं.

सूची राहिली नाही तेव्हा सकाळी पत्ते उघडून बघायचं कामही राहिलं नाही. पूजा आहे. संकल्प करताना तळव्यावर पाणी घेते आणि बोटांवरून ताम्हणात सोडते. रोज त्या क्षणी माझा हात थोडा अडतो. तोच उजवा हात, तीच बोटं, तसंच गार पाणी. ठिपके सगळे जागच्या जागी होते, मी माझ्या ओंजळीत घेतले होते. फक्त त्यांच्या आधी खूण होती की नव्हती, ते मला वाचता आलं नाही.

काही दिवस मी सात वाचते. काही दिवस ग.